फुलाखालची तीन पानं

या पुस्तकातली एकही वनस्पती महाराष्ट्राच्या रानात उगवत नाही. तरीही ते मराठीत असायला हवं, असं मला फार दिवस वाटत होतं. दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून ट्रेकर मंडळी हिमालयात जातात. कुणी घांघरियाहून वर ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये, कुणी हर की दूनला, कुणी हामटा खिंडीकडे, तर कुणी काश्मीरमधल्या मर्गांवर. परततात तेव्हा फोन फुलांच्या फोटोंनी भरलेला असतो. त्यांत पांढरं किंवा निळसर, मधोमध केसरांचा दाट झुबका असलेलं एखादं फूल हमखास असतं आणि ‘हे कुठलं?’ हा प्रश्न त्याच्याबद्दलच विचारला जातो. पुष्कळदा ते ॲनिमोनी असतं. इंग्रजीत त्याच्यावर भरपूर लिहिलेलं आहे, पण त्यातलं बरंचसं शास्त्रज्ञांसाठी आहे आणि उरलेलं युरोपातल्या बागवाल्यांसाठी. सह्याद्रीतली झाडं-वेली ओळखणाऱ्या माणसाला त्याच्या माहितीच्या वाटेनं या फुलापर्यंत न्यावं, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

अशा माणसाला फार लांबून यावं लागत नाही, कारण मोरवेल त्याने पाहिलेली असते. पाऊस सरला की घाटाच्या कडेला, करवंदीच्या जाळ्यांवर चढलेली ही वेल पांढऱ्या फुलांनी भरून जाते. थंडीत त्या फुलांच्या जागी रेशमी शेपट्यांचे झुपके लोंबतात. ती मोरवेलीची फळं. एका झुपक्यात पुष्कळ सुटी फळं, प्रत्येकात एकच बी आणि प्रत्येकाला पिसासारखं लव असलेलं लांब शेपूट. मोरवेलीचं फूल हातात घेऊन नीट पाहिलं तर लक्षात येतं की त्याला पाकळ्या नाहीतच. पाकळ्या वाटतात ती संदलं आहेत. जास्वंदीच्या फुलाखाली जो हिरवा पेला असतो, तो ज्या अवयवांचा बनतो, तेच हे अवयव. मोरवेलीत ती पांढरी आणि मऊ होऊन पाकळ्यांचं काम करतात. मराठी विश्वकोशात रॅनन्क्युलेसी या कुळाला मोरवेल कुल असंच म्हटलं आहे. हिमालयातला बचनाग आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातली कलौंजी याच कुळातली. पण या सगळ्यांत ॲनिमोनीला सर्वांत जवळची आहे ती मोरवेल. गेल्या काही दशकांत डीएनएच्या आधारे या कुळाची जी वंशावळ मांडली गेली, तिच्यात ॲनिमोनी आणि मोरवेल अगदी शेजारच्या फांद्यांवर येतात. एक वेल होऊन उष्ण प्रदेशातल्या डोंगरांतही पसरली, तर दुसरी जमिनीलगत राहून थंडीकडे वळली.

ॲनिमोनीच्या फुलालाही पाकळ्या नसतात. पाच, सहा, कधी आठ-दहा रंगीत संदलं, आत पुष्कळ पुंकेसर आणि अगदी मधोमध किंजदलांचा छोटा हिरवा गोळा, एवढीच त्याची मांडणी. मध नसतो. कीटकांना मिळतात ते परागकण आणि थंड सकाळी बसायला जरा उबदार जागा. रात्री आणि पावसाची सर आली की बहुतेक जातींची फुलं मिटतात. तापमान उतरलं की संदलांची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा जास्त वाढते आणि चढलं की आतली. त्यामुळे ती मिटतात, उघडतात आणि परागकण ओले होत नाहीत.

पण नुसत्या फुलावरून ॲनिमोनी ओळखायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हिमालयात पाच पांढऱ्या ‘पाकळ्यां’ची फुलं शेकडो आहेत. आधी फुलाखाली पाहावं. दांड्यावर, फुलापासून थोडं खाली, पानांचं एक कडं असतं. बहुधा तीन पानं, एकाच पेरातून निघालेली, दांड्याला वेढून बसलेली. वनस्पतिशास्त्रात याला छदमंडल म्हणतात. त्याच्या खाली जमिनीपर्यंत दांडा मोकळा असतो आणि मुळाची पानं वेगळी, जमिनीतून थेट वर आलेली. हे कडं दिसलं की निम्मं काम झालं. बटरकप म्हणजे रॅनन्क्युलसची फुलं बहुधा पिवळी आणि चकचकीत असतात. त्यांना खऱ्या पाकळ्या असतात आणि दांड्यावरची पानं एकाआड एक येतात, कडं करत नाहीत. मोरवेलीच्या बहुतेक जातींत पानं समोरासमोर येतात, तिथेही कडं नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे फळ. ऑगस्टनंतर हिमालयात जाणाऱ्याला बऱ्याच जातींचं फूल मिळतच नाही, मिळतं ते फळ, आणि जात ठरवायला ते फुलाहून जास्त भरवशाचं असतं. तिसरी गोष्ट जमिनीखाली असते. तिथे उकरून पाहायचं नाही, हे आधीच सांगते. पण तिथे काय आहे हे ठाऊक असलं, तर कुठली जात कुठे आणि का राहते हे कळतं. पुस्तकाची मांडणी मी त्यावरच केली आहे.

ॲनिमोनीच्या जाती दीडशेच्या आसपास आहेत. आकडा मोजणाऱ्यागणिक थोडा कमी-जास्त होतो. बहुसंख्य उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण पट्ट्यात आहेत. काही आर्क्टिकच्या टुंड्रात आहेत, काही अँडीज पर्वतात, एक किलिमांजारो आणि माउंट केनियाच्या उंच उतारांवर, तर एकेक टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्ये. इतक्या दूरवर पसरलेल्या या वनस्पतींपुढचा प्रश्न मात्र सगळीकडे एकच आहे. वाढण्याजोगा काळ वर्षात थोडाच मिळतो. उरलेलं वर्ष जमिनीखाली काढायचं आणि वेळ आली की घाईने वर यायचं. ही वेळ कोण ठरवतं, याचं उत्तर जागेगणिक बदलतं. कुठे पाऊस, कुठे झाडांची सावली, कुठे बर्फ.

पाऊस ठरवतो तिथलं उदाहरण भूमध्य समुद्राभोवतीचं. ॲनिमोनी कोरोनारिया ही तिथली लाल फुलांची जात पोर्तुगालपासून इराकपर्यंतच्या पट्ट्यात उगवते. तिच्या जमिनीखाली एक वेडावाकडा, कठीण, काळपट कंद असतो. उन्हाळाभर तो कोरड्या मातीत पडून राहतो. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो. शरद ऋतूतल्या पहिल्या सरींनी कंद जागा होतो, चिरलेली नाजूक पानं येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलं. एप्रिल-मेपर्यंत पानंही वाळलेली असतात. कोकणातल्या आणि घाटातल्या माणसाला हे नवं नाही. शेवळं अशीच जूनच्या तोंडावर जमिनीतून वर येतात, कुळीची भाजी पहिल्या पावसात मिळते आणि कासच्या पठारावरच्या कितीतरी वनस्पती आठ महिने कंद होऊन दबून राहतात. आपला पाऊस उन्हाळ्यानंतर येतो आणि त्यांचा थंडीत, फरक इतकाच.

इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या उत्तर कडेला कोरोनारियाची फुलं जवळपास सगळी लाल असतात. उत्तरेला गॅलिलीत पाऊस जास्त, आणि तिथे पांढरी, गुलाबी, निळी, जांभळीही दिसतात. लाल फुलांमागची गोष्ट मला फार आवडते. कीटकांना लाल रंग सहसा दिसत नाही, असं आपण शाळेत शिकलो. पण त्या भागात ग्लॅफिरिडी कुळातले केसाळ भुंगेरे आहेत. ते लाल फुलांवर उतरतात, परागकण खातात आणि तिथेच त्यांचं मीलनही होतं. 1990 मध्ये संशोधक अमोत्स दाफनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वाटीच्या आकाराची लाल नकली फुलं ठेवली तरी हे भुंगेरे त्यांच्याकडे जातात. त्याच प्रदेशात खसखशीच्या कुळातली रानटी पॉपी, रानटी ट्यूलिप आणि एशियाटिक रॅनन्क्युलस यांचीही फुलं लाल, वाटीसारखी आणि बहुधा मध्यभागी काळी असतात. तीन निरनिराळ्या कुळांतल्या या चौघांनी एकाच गिऱ्हाइकासाठी एकच सोंग घेतलं आहे.

ही फुलं एके काळी लोक गठ्ठ्यांनी तोडून नेत. 1960च्या दशकात तिथे रानफुलं न तोडण्याची मोठी मोहीम झाली, कायद्याचं संरक्षण मिळालं आणि शाळकरी मुलांपर्यंत ती गोष्ट पोहोचली. 2013 मध्ये कोरोनारिया हे इस्रायलचं राष्ट्रीय फूल ठरलं. आज फेब्रुवारीत लाखो लोक ती शेतं नुसती पाहायला जातात. आपल्याकडे कासवर दर सप्टेंबरला होणाऱ्या गर्दीचं काय करायचं, या चर्चेत हे उदाहरण हाताशी असावं.

कंदाच्या जाती भारतात फक्त काश्मीरकडे आहेत. ॲनिमोनी बायफ्लोरा ही लाल-केशरी फुलांची छोटी जात इराण-अफगाणिस्तानातून येत काश्मीरच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या उतारांपर्यंत पोहोचते. ती मार्च-एप्रिलमध्ये फुलते. काश्मीरला हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेकडून पाऊस-बर्फ मिळतं, त्यामुळे कंदाला भूमध्य प्रदेशातलंच वेळापत्रक चालतं. जुलैत अमरनाथला किंवा सोनमर्गला जाणाऱ्याला ती दिसणार नाही, तेव्हा ती जमिनीखाली असते. काश्मीरच्या पूर्वेला हिमाचल-उत्तराखंडात मोसमी पावसाचा जोर वाढतो आणि कंदाच्या जाती संपतात. ही सीमा नकाशावर कुणी आखलेली नाही, पण वनस्पती ती पाळतात.

आता सावली. युरोपातल्या ओक आणि हेझलच्या पानझडी जंगलात ॲनिमोनी नेमोरोसा राहते. तिचा जमिनीखालचा भाग म्हणजे काडीएवढं बारीक, तपकिरी मूलक्षोड, पालापाचोळ्याच्या अगदी खाली आडवं सरकणारं. हात घातला तर वाळकी काडी समजून फेकून द्यावी असं. त्याच्या टोकाशी हिवाळ्यातच पुढच्या फुलाची कळी तयार असते. मार्चमध्ये झाडांना पानं नसतात, ऊन थेट जमिनीवर पडतं. तेवढ्यात नेमोरोसा वर येते, एका दांड्यावर तीन चिरलेली पानं आणि एक पांढरं फूल. संदलांच्या पाठीवर गुलाबी-जांभळी झाक. मेमध्ये डोक्यावरची झाडं पालवतात, सावली दाट होते आणि जूनपर्यंत नेमोरोसाची पानं पिवळी पडून जातात. पुढच्या वर्षीची शिदोरी त्या दोन-तीन महिन्यांतच मूलक्षोडात साठवली जाते.

बियांवर ती फारशी अवलंबून नाही. मूलक्षोड पुढे सरकत, फाटे फोडत पसरतं आणि तेही फार सावकाश. शंभर वर्षांत जेमतेम दोन मीटर, असं ब्रिटनमध्ये मानतात. म्हणून तिथे नेमोरोसाचा मोठा पट्टा दिसला की ते जंगल फार जुनं, कधीच न नांगरलेलं, असं समजतात. जंगल तोडून पुन्हा लावलं तर झाडं पन्नास वर्षांत परत येतात, ही मात्र येत नाही. आपल्या देवरायांमध्ये काही वेली आणि वृक्ष असेच जुनेपणाची साक्ष देतात. पण फुटाहून कमी उंचीचं, झुडूपही नसलेलं एखादं रोप जंगलाचं वय सांगतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. इंग्लंडमध्ये असलेल्या मराठी वाचकांना ही जात एप्रिलमध्ये जुन्या जंगलांत सहज सापडेल. अमेरिकेच्या पूर्व भागात, न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांना तिची बहीण क्विन्क्वेफोलिया त्याच सुमारास तिथल्या रानात भेटेल.

नेमोरोसाच्या पानांची एक हकीकत इथे सांगायला हवी. तिच्यावर एक तांबेरा पडतो. मूलक्षोडात शिरलेली ही बुरशी पानं ताठ आणि अरुंद करते, फूल येऊ देत नाही आणि पानाच्या पाठीवर गडद तपकिरी ठिपके उठवते. नेच्याच्या पानामागे बीजाणूंचे ठिपके असतात, तसेच ते दिसतात. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या वनस्पतींच्या एका मान्यवर ग्रंथात हे रोगट पान चित्रासह, नेच्याची एक छोटी जात म्हणून छापलं गेलं. पुढे कित्येक वर्षं लोक तो ‘नेचा’ शोधत राहिले. याच जातीच्या मूलक्षोडावर आणखी एक बुरशी वाढते, आणि फुलांच्या दिवसांत तिचे तपकिरी पेले पाचोळ्यातून वर आलेले दिसतात. ॲनिमोनीशिवाय तिला सहसा दुसरा आधार नसतो. एक रोप आपल्यामागे असा परिवार बाळगून असतं आणि ते गेलं तर परिवारही जातो.

हिमालयात नेमोरोसाचं वेळापत्रक चालत नाही. तिथला बांज हा ओक आणि देवदार दोन्ही सदाहरित, त्यामुळे वसंतात जमिनीवर उजेडाची ती खिडकी उघडतच नाही. म्हणून तिथली जंगलाची ॲनिमोनी वेगळी वागते. व्हिटिफोलिया, म्हणजे द्राक्षाच्या पानांची ॲनिमोनी, जंगलाच्या आत जात नाही. ती कडेला राहते. रस्त्याच्या बांधावर, ओढ्याच्या काठच्या झुडपांत, दरड कोसळून उजेड झालेल्या जागी. शिमला, मसुरी, नैनितालच्या आसपास दोन-अडीच हजार मीटरवर ती सहज दिसते. वसंताची घाई नाही, म्हणून ती पावसाळाभर वाढते, कमरेएवढी होते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठी पांढरी फुलं काढते. पानाची पाठ पांढऱ्या लवेची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिची फळं पिकतात आणि फुटलेल्या बोंडातून कापूस लोंबावा तसे पांढरे पुंजके दांड्यावर दिसू लागतात. प्रत्येक बी त्या लोकरीत गुंडाळलेलं असतं आणि वाऱ्याबरोबर जातं.

या व्हिटिफोलियाचा वंश जगभरच्या बागांत गेला आहे. 1840च्या दशकात वनस्पती गोळा करणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी शांघायच्या तटबंदीलगतच्या थडग्यांमध्ये वाढणारी एक गुलाबी ॲनिमोनी इंग्लंडला पाठवली. नेपाळहून तिथे आधीच गेलेल्या व्हिटिफोलियाशी तिचा संकर करण्यात आला. आज ‘जपानी ॲनिमोनी’ म्हणून विकली जाणारी, शरद ऋतूत फुलणारी उंच रोपं त्या संकरातून आलेली आहेत. निम्मी चिनी आणि निम्मी हिमालयातली असताना तिला जपानी म्हणतात.

झाडांची सीमा ओलांडून वर गेलं की बर्फाचं राज्य सुरू होतं. इथल्या जातींना कंद नाही आणि लांब सरकणारं मूलक्षोडही नाही. जमिनीत घट्ट रुतलेला, जुन्या पानांच्या देठांचे तंतू गुंडाळलेला एक जाड, लाकडी खुंट असतो. पुढच्या वर्षाच्या कळ्या त्याच्या शेंड्यावर आदल्या वर्षीच तयार होऊन बर्फाखाली वाट पाहतात. ऑब्ट्युसिलोबा ही त्यांतली सगळ्यांत ओळखीची. मे ते जुलैमध्ये बर्फ वितळत मागे सरकतं, तसतशी त्याच्या कडेला लागून तीही वर चढत फुलत जाते. तीन खंडांची केसाळ पानं जमिनीला चिकटलेली आणि त्यांच्यामधून वीतभर दांड्यावर एकेक फूल. एकाच उतारावर पांढरी, निळी आणि कधी पिवळीसुद्धा. रंगावरून तिला दोन-तीन जाती समजणारे पुष्कळ भेटतात. पानं पाहिली तर ती एकच आहे हे कळतं. ऑगस्टमध्ये गेलात आणि खालच्या बुग्यालावर, म्हणजे डोंगरावरच्या कुरणावर, ती संपलेली दिसली, तर निराश न होता आणखी वर जावं. तिथे बर्फ उशिरा हटतं आणि तिचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं.

पॉलिअँथिस आणि टेट्रासेपाला या दोघी अंगाने मोठ्या. एका दांड्यावर कड्यातून निघालेली फुलांची छत्री हे दोघींचं लक्षण. पॉलिअँथिस लवदार, गवताळ उताराची. टेट्रासेपालाची पानं जाड आणि मोठी, संदलं बहुधा चार-पाच, आणि तिला मोठ्या शिळांमधली जागा लागते, जिथे पाणी झिरपतं पण साचत नाही. दोघींच्याही फळांवर लोकर नसते, ती चपटी असतात. रुपिकोला खडकांच्या खाचांत एकटी फुलते आणि तिचं फूल अंगाच्या मानाने फार मोठं असतं. तिच्या बिया मात्र लोकरीत असतात. या सगळ्यांची सविस्तर वर्णनं पुढे आहेतच.

मला सर्वाधिक लिहायचं आहे ते रिव्ह्युलॅरिसबद्दल. ही ओढ्याकाठची ॲनिमोनी. फ्रान्सिस ब्यूकॅनन-हॅमिल्टन यांनी 1802-03 मध्ये नेपाळमध्ये वनस्पती गोळा केल्या. त्याच माणसाने त्याआधी टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर प्रांत पालथा घातला होता. त्यांनी दिलेल्या नावाने वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ द कांदोल यांनी 1817 मध्ये ही जात प्रसिद्ध केली. हिमालयात साधारण दोन हजार मीटरपासून साडेतीन हजारांपर्यंत, जिथे पायाखालची माती कायम ओली असते पण पाणी खळखळत नाही, तिथे ती झुंडीने असते. जवळ बसून पाहावं असं हे रोप आहे. दांडा गुडघ्याएवढा किंवा जरा उंच. कड्यातून तीन-चार देठ फुटतात. मधल्या देठावर पानं नसतात आणि त्याचं फूल आधी उमलतं. बाजूच्या देठांवर पुन्हा एकेक छोटं कडं असतं आणि त्यातून पुढची फुलं येतात. त्यामुळे फुलणं तीन-चार आठवडे चालू राहतं. संदलं आतून शुभ्र, पाठीवर निळी झाक, ती कळीत सर्वांत गडद. परागकोश निळसर जांभळे, त्यामुळे पांढऱ्या फुलाचा मध्य काळोखा दिसतो. भिंगातून पाहिलं तर हिरव्या गोळ्यातल्या प्रत्येक किंजदलाचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसतं. फूल गळल्यावर ही टोकं कडक होऊन आकड्या बनतात. लोकर नाही, पिसं नाहीत. शेळ्या-मेंढ्यांच्या केसांत, माणसाच्या पायमोज्यांत अडकून बी पुढे जातं.

हीच रिव्ह्युलॅरिस निलगिरी आणि पळणी डोंगरांच्या माथ्यावर आहे आणि श्रीलंकेच्या उंच डोंगरांतही आहे. हिमालय आणि निलगिरी यांच्यामध्ये दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर, आणि मधल्या टापूत तिचा पत्ता नाही. हिच्यासारख्या आणखी काही आहेत. लाल बुरांस हिमालयात आहे आणि निलगिरीत त्याचा दक्षिणी प्रकार आहे. तिथल्या शोला जंगलांच्या कडेला दारुहळदीचे भाईबंद आहेत. याचं रूढ स्पष्टीकरण हिमयुगाशी जोडलेलं आहे. हवामान थंड होतं तेव्हा थंडीच्या वनस्पतींना खाली, दक्षिणेकडे सरकायला वाव मिळाला. ऊब परतली तशी त्या डोंगर चढत गेल्या आणि माथ्यांवर अडकून पडल्या. कुठल्या वाटेने त्या आल्या यावर मतभेद आहेत. सातपुडा आणि सह्याद्रीची रांग ही एक वाट सुचवली गेली, तर काहींनी पूर्व घाटाकडे बोट दाखवलं.

सह्याद्रीची वाट खरी मानली, तर रिव्ह्युलॅरिस कधीतरी आपल्या अंगणातून गेली असेल. मग ती इथे का टिकली नाही? उत्तर बऱ्याच अंशी उंचीत आहे. कळसूबाई 1646 मीटर. दोड्डबेट्टा 2637. निलगिरीत रिव्ह्युलॅरिस वरच्या पठारावर, अठराशे-दोन हजार मीटरच्या पुढे असते. तिथे हिवाळ्यात दंव पडून गवत करपतं, आणि ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही मिळतो, त्यामुळे ओढ्याकाठ वर्षाचा बराच काळ ओला राहतो. महाबळेश्वरला पाऊस निलगिरीहून कितीतरी जास्त, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जातो. मार्चनंतर जांभ्यावरची माती धुळीसारखी होते. कंद असता तर तो काळ निभावला असता. रिव्ह्युलॅरिसला कंद नाही. सह्याद्रीने मोरवेलीला जागा दिली, थंडीच्या सुरुवातीला फुलणाऱ्या निळ्या डेल्फिनियम मलबारिकमला दिली. त्याला गाठीसारखी मांसल मुळं आहेत. मोरवेल कुळातले जे पाहुणे कोरडा काळ सोसू शकले, ते राहिले.

ॲनिमोनीच्या रसाबद्दल दोन शब्द, कारण ही सावधगिरीची बाब आहे. पान किंवा देठ चुरगळला की पेशींतल्या रॅनन्क्युलिनपासून प्रोटोॲनिमोनिन हे तिखट, त्वचेवर फोड आणणारं द्रव्य तयार होतं. रोप वाळलं की त्याचंच निरुपद्रवी ॲनिमोनिन बनतं. त्यामुळे गुरं ताजी ॲनिमोनी टाळतात. अतिचराई झालेल्या बुग्यालावर गवत खाल्लं जातं आणि न खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींना मोकळी जागा मिळते. तेव्हा ॲनिमोनीने भरलेला उतार म्हणजे निरोगी उतार, असं धरून चालू नये. उलट टोकाचं उदाहरणही आहे. गिर्यारोहक फ्रँक स्माइथ 1931 मध्ये कामेट शिखरावरून उतरताना भ्यूंडार खोऱ्यात पोहोचले आणि 1938 मधल्या त्यांच्या पुस्तकाने ते खोरं जगाला ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणून माहीत झालं. 1982 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. त्यानंतर तिथे डोक्याएवढी वाढणारी एक पॉलिगोनम, स्थानिक लोक जिला अमेला म्हणतात, इतकी पसरली की वनखात्याला ती उपटावी लागते. तिच्या सावलीत वीतभर उंचीच्या वनस्पतींना जागा उरत नाही. गुरं किती असावीत याचा हिशेब तिथल्या मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, आणि तो विचारात घेतल्याशिवाय ही खोरी राखता येतील असं मला वाटत नाही.

नावांचा थोडा खुलासा. लिनियस यांनी 1753 मध्ये ॲनिमोनी ही प्रजाती मांडली तेव्हा तिच्यात पल्सॅटिला आणि हेपॅटिकाही होत्या. पुढे त्या वेगळ्या काढल्या गेल्या, डीएनएच्या अभ्यासानंतर काहींनी पुन्हा आत घेतल्या, तर काहींनी उलट ॲनिमोनीचेच तुकडे केले. या तुकड्यांना आधार आहे. ऑब्ट्युसिलोबाच्या गटात गुणसूत्रांची पायाभूत संख्या 7 आहे, रिव्ह्युलॅरिस आणि कोरोनारियाच्या गटांत 8. त्यामुळे काही नव्या याद्यांत ऑब्ट्युसिलोबा ॲनिमोनॅस्ट्रममध्ये आणि रिव्ह्युलॅरिस व व्हिटिफोलिया एरिओकॅपिटेलामध्ये सापडतील. मी या पुस्तकात जुनी नावं ठेवली आहेत. हिमालयातल्या वनस्पतींच्या हाताशी असणाऱ्या बहुतेक पुस्तकांत तीच आहेत, आणि डोंगरात उभं राहून पाहणाऱ्याला फुलाखालचं कडं सगळ्यांत सारखंच दिसतं. विश्वकोशाप्रमाणे मीही जीनससाठी प्रजाती आणि स्पीशीजसाठी जाती हे शब्द वापरले आहेत.

पुस्तक बरोबर नेणाऱ्यांना एक विनंती. फोटो एकच काढू नका. समोरून काढलेल्या फुलाच्या फोटोवरून जात ओळखता येत नाही, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक फोटो नेमके तसेच असतात. पहिला फोटो कड्याचा काढा, बाजूने, दांडा जमिनीपर्यंत दिसेल असा. दुसरा संदलांच्या पाठीचा, तिसरा मुळाशी असलेल्या पानाचा. शेजारच्या रोपावर फळ धरलेलं असेल तर चौथा त्याचा, आणि पाचवा दहा पावलं मागे सरकून त्या जागेचा. ओढा किती लांब आहे, खडक आहे की गवत, झाडं कुठली, हे त्यात यायला हवं. तारीख फोनमध्ये आपोआप नोंदवली जाते, उंची मात्र मुद्दाम लिहून ठेवा. रोप तोडू नका, उपटू नका, आणि हात लागलाच तर डोळे चोळण्याआधी तो धुवा.